एक वेढा

मालनमावशीनं आपला उजवा हात डाव्या हातावर तान्ह्या पोरासारखा घेतला होता. तिच्या मागून तिचा नवरा भास्करमामा बांगड्यांचा खोका काखोटीला मारून येत होता. बायकोचा हात मोडला म्हणून काय झालं, बाजारात खोका कुणाच्या भरवशावर टाकून यायचा त्याचा स्वभाव नव्हता.

“आबा कुठायत?” तो फाटकातूनच ओरडला. “टेंपोचा फाळका पडला हिच्या हातावर. माल उतरवताना खिट्टी निसटली.”

“आबा न्हाईत,” आई म्हणाली. “मिरजेला गेल्यात. डोळ्याचं आपरेशन हाय, परवा येतील.”

भास्करमामानं खोका खाली ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेदहा झाले होते. “मग अकराची यष्टी गाठतो. सांगलीला मोठ्या दवाखान्यात दावून आणतो.”

त्याला जाऊ द्यायचं होतं. एवढंच करायचं होतं मला त्या दिवशी, काहीच न करणं.

आमचं घर हिंगणवाडीच्या बाजारपेठेला लागून. दर बुधवारी बाजार भरायचा आणि तेवढीच गर्दी आमच्या अंगणात व्हायची, कारण माझे वडील, आबा, हाडवैद्य होते. कुणी आंब्याच्या झाडावरून पडलेला, कुणाला बैलानं उडवलेलं, सगळे आमच्या लिंबाखाली कण्हत बसायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बारावीला इंग्रजीत आपटले होते आणि त्याचं मला काडीचंही दुःख नव्हतं. मला भाऊ नव्हता, आबांना दुसरा शिष्य नव्हता, तेव्हा त्यांची गादी माझीच असं मी धरून चालले होते. बांबूच्या कामट्या तासायच्या, हाडजोडीचा वेल ठेचायचा, अंड्याच्या पांढऱ्या बलकात उडदाचं पीठ कालवायचं, जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडायच्या, सगळं मी करायचे. फक्त बांधायला आबा देत नसत. “गाठ हातात यायला येळ लागतो,” म्हणायचे. सहा वर्षं मी त्या येळेची वाट बघत होते आणि मनातल्या मनात चरफडत होते.

आबांचा नियम सगळ्या पंचक्रोशीला पाठ होता. ज्या हातानं गाठ बांधली त्याच हातानं ती सोडायची, आणि तीही पाचव्या दिवशी. मधे कुणी बोट लावायचं नाही. पाचव्या दिवशी माणूस एक नारळ घेऊन यायचा, आबा गाठ सोडायचे आणि नारळ फोडून अंगणातल्या सगळ्यांना वाटायचे.

आबांना एक खोड होती, तिच्यावरून आई त्यांना सारखं बोलायची. संध्याकाळ झाली की त्यांना चहाची तलफ यायची आणि सकाळी ज्याला बांधलं असेल त्याच्याच घरी ते हटकून जाऊन बसायचे. माणूस परगावचा असला तर त्याला एक रात्र गावात कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम करायला लावायचे आणि तिथं जायचे. “घरात चहा मिळत न्हाई ह्यास्नी,” आई म्हणायची. “मोडलेल्या हाडाच्या चुलीवरचाच ग्वाड लागतो.” आबा नुसते हसायचे आणि पायताणं चढवून निघायचे. मी कधी त्यांच्याबरोबर गेले नाही. मला वाटायचं, म्हातारं गप्पा मारायला जातंय.

तर भास्करमामा एसटीला निघाला होता आणि मी म्हणाले, “थांबा. मी बघते.”

“तू गप बस वेणू,” आई म्हणाली.

“बघायला काय जातंय?”

मालनमावशी आधीच लिंबाखालच्या फळीवर टेकली होती. तिचं तोंड घामानं डबडबलं होतं, तरी ती हसली. “बघू दे की तिला. पोरीचा हात हलका हाय. मला ठावं हाय, मी भरल्यात तिच्या हातात बांगड्या.”

ते खरं होतं. मी पाळण्यात होते तेव्हापासून माझ्या हातात बांगड्या तिनंच भरल्या होत्या. तालुक्याच्या गावातली कासारीण ती. बुधवारी आमच्या बाजारात तिच्यापुढं बायकांची रांग असायची. दुसऱ्या कासारांकडं बांगडी फुटायची, हाताला कापायचं, ही मात्र तुमच्याशी सासरच्या गप्पा मारता मारता अंगठ्याखालचा गोळा असा काही दाबायची, चार बोटं अशी एकमेकींत मिटवायची, की सव्वादोनची बांगडी अडीचच्या हातात गेलेली कळायची नाही. “सैल सोड गं पोरी,” म्हणायची. “हात सैल सोडल्याबिगर बांगडी जात न्हाई. दुखलं तर सांग, मी थांबते.” प्रत्येकीला हेच, अगदी ह्याच शब्दांत.

मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. कोपराच्या खाली, चार बोटं अंतरावर, हात टम्म सुजायला लागला होता. कातडी तापली होती. आबा करतात तसे मी डोळे मिटून दोन्ही अंगठे हाडावरून फिरवले. ती “आई गं” करून ओरडली आणि त्याच क्षणी मला अंगठ्याखाली कर्र असं काहीतरी लागलं. निदान तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं की लागलं.

“मोडलंय,” मी म्हणाले. “एकच हाड, सरळ मोडलंय. सांगलीपर्यंत एसटीत धक्के खात गेलात तर हाड सरकंल. मी बांधते.”

“आबांची वाट बघ,” आई म्हणाली.

“परवापर्यंत लोंबकळत ठेवायचा हात? तुला तरी पटतंय का?”

भास्करमामा दोघींच्या तोंडाकडं बघत होता. फाटकाशी एव्हाना बाजारातल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “बांधू द्या की. वाघाचं पिल्लू हाय ते.” मला आजही वाटतं, त्या बाईनं ते म्हटलं नसतं तर कदाचित मी मागं सरले असते. पण ही पळवाट आहे. तिला काय दोष द्यायचा? वाघाचं पिल्लू व्हायची घाई मलाच झाली होती.

मी लेप लावला, चार कामट्या बसवल्या आणि धोतराच्या पट्टीचे वेढे घ्यायला लागले. सैल पट्टी ही शिकाऊ हाताची खूण, असं आबा म्हणायचे. म्हणून मी प्रत्येक वेढा गुडघा टेकून ओढला. माझे दंड भरून आले. शेवटी आबांची ती तिहेरी गाठ मारली. सहा वर्षं मी ती खाटेच्या पायाला बांधून बांधून घोटली होती. गाठ अशी देखणी बसली की मी क्षणभर तिच्याकडं बघतच राहिले.

“झालं का, वैद्यीणबाई?” मालनमावशी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “लई आवळलंय गं.”

“आवळायलाच लागतं. आता पाचव्या दिवशी, रविवारी, नारळ घेऊन या. मीच सोडणार.”

“तुझा पयला नारळ,” ती म्हणाली. “मोठा बघून आणते.”

दुपारी एकच्या सुमारास ती परत आली. आमच्या अंगणातून तिचं पाल दिसायचं, तिथं भास्करमामा बांगड्या दाखवत होता आणि बायका तोंडं वाकडी करून पुढच्या कासाराकडं जात होत्या. ती दारात उभी राहिली.

“दुखतंया वेणू. लई दुखतंया.”

“दुखणारच की मावशी. हाड मोडलंय, गंमत न्हाई.”

“हाडाचं नव्हं गं. मांसात दुखतंया. आतून कुणी पिळतंय असं.”

आईनं तिला हळद घालून दूध दिलं. ती उजवा हात छातीशी धरून, डाव्या हातात पेला घेऊन ते प्याली. त्या हातातल्या बांगड्या पेल्यावर सारख्या वाजत होत्या. डझनभर हिरव्या बांगड्या होत्या त्या. उजव्या हातातल्या फाळक्याखाली फुटल्या होत्या.

चार वाजता ती नवऱ्याला घेऊनच आली. ह्या वेळी ती हसली नाही. चेहरा राखेसारखा झाला होता. पट्टीच्या खाली तिची बोटं फुगली होती आणि नखं फिकी दिसत होती.

“मुंग्या येत्यात बोटांना,” ती म्हणाली. “एवढं कर पोरी. एक येढा सैल सोड. एकच.”

मी तिच्या मधल्या बोटाचं नख दाबलं. बांधून झाल्यावर आबांना दाबताना मी कितीतरी वेळा बघितलं होतं. दाबून सोडलं की नख पांढरं होतं आणि लगेच गुलाबी होतं. हिचं गुलाबी झालं, पण सावकाश. झालं ना, असं मी मनाशी म्हणाले. मग मी ते मिटलेलं बोट सरळ करायला गेले. बोट नुसतं उचललं असेल, तिनं अशी किंकाळी फोडली की बाजारातली माणसं वळून बघायला लागली.

मी गाठीवर हात ठेवला. हे मला लख्ख आठवतं. तिहेरी गाठीचा मोकळा पदर माझ्या चिमटीत होता. ओढला असता तर सुटली असती, वेढा सैल करून पुन्हा बांधता आली असती. दहा मिनिटांचं काम होतं. पण फाटकाशी पुन्हा बायका गोळा झाल्या होत्या, सकाळच्याच. पोरीची पहिली गाठ त्याच दिवशी सुटली, असं पुढच्या बुधवारपर्यंत चार तालुक्यांत झालं असतं. आणि मग आबांनी मला पुन्हा कधी पट्टीला हात लावू दिला नसता.

मी चिमूट सोडली.

“पाचव्या दिवशी,” मी म्हणाले. “आधी सोडली तर हाड जागा सोडतंय. आबांचा नेम हाय.”

“नेम गेला खड्ड्यात!” भास्करमामा भडकला. “हिचं बघवंना मला. कात्री आण, मी कापतो.”

“कापा की,” मी म्हणाले. माझा आवाज किती शांत होता ते मला आजही ऐकू येतं. “कापा. मग हात जन्मभर वाकडा राहिला तर आमच्या दारात येऊ नका.”

मालनमावशीनं त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. कासारणीचा सगळा संसार हातावर. वाकडा हात म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

“ऱ्हाऊ द्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “पोरगी सांगतीया ते ऐकू. सोसते मी.”

ती दोघं निघाली तेव्हा आई माझ्या कानाशी लागली. “परगावच्या माणसाला आबा रातीचं ठेवून घेत्यात. ह्यास्नी थांबवायचं का?”

“आबा चहासाठी ठेवून घेत्यात,” मी म्हणाले. “मला न्हाई चहा लागत.”

साडेपाचला टेंपो गेला. मागच्या हौद्यात खोक्यांच्या मधे ती बसली होती, फाळक्याला पाठ लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते तेवढ्यात भास्करमामा सायकलवरून आला. आठ किलोमीटर सायकल मारत आला होता. मी केरसुणी टाकून फाटकाशी गेले. पण तो हसत होता.

“थांबलं बघ ताई!” तो म्हणाला. काल मी त्याची ‘पोरी’ होते, आज ताई झाले होते. “रातभर नुसती लोळत हुती. पहाटं पहाटं एकदम थांबलं दुखायचं. आता झोपलीया निवांत. काल मी जरा तोंड सोडलं, मनावर घेऊ नको.”

आईनं देवापुढं साखर ठेवली आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा दिला. मला इतका आनंद झाला की मी ती कामटी, काल उरलेली, उचलून ओठांना लावली. दुखायचं थांबलं. माझ्या हाताला गुण आला. तो दिवस मी जमिनीवर पाय न टेकता काढला. माझ्या सगळ्या आयुष्यातला तेवढा सुखाचा दिवस दुसरा आठवत नाही, आणि तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

शुक्रवारी दुपारी आबा आले. डोळ्यावर हिरवं फडकं बांधलं होतं. पाय धुवून ते ओसरीवर टेकतात न टेकतात तोच मी सगळं सांगून टाकलं. फाळका कसा पडला, मी हाड कसं ओळखलं, गाठ कशी बसली. ते उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होते आणि थोडे हसतही होते. मला वाटलं, आता म्हणतील, आली गं येळ.

“लई कळ होती, पण तिनं सोसली,” मी म्हणाले. “आणि दुसऱ्या दिवशी पहाटं दुखायचं थांबलंसुद्धा.”

आबांचं हसू गेलं.

“हळूहळू थांबलं का एकदम?”

“एकदम.”

“बोटं हलवती का?”

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

“सांजचं तू गेली हुतीस का तिच्याकडं?”

“कशाला?”

ते उठले. अनवाणीच फाटकापर्यंत गेले, मग आईनं पायताणं नेऊन दिली. डोळ्याला वारा लावू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर आम्ही तिघं बसून गेलो.

मालनमावशी घरात खाटेवर बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होती. आबांना बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. “या आबा. पोरीनं बेस बांधलंया. आता कायबी दुखत न्हाई. हात हाय का न्हाई तेबी कळत न्हाई.”

आबांनी तिचं बोट दाबलं. तिनं मान वर केली नाही, शेंगा फोडत राहिली. त्यांनी चिमटा काढला. तिला कळलं नाही. पट्टीतून एक वास येत होता, आणि तो लेपाचा नव्हता.

“कात्री आण,” आबा भास्करमामाला म्हणाले.

“आबा, गाठ वेणूनं—” तो म्हणाला. नियम त्याला पाठ होता.

“कात्री आण म्हणतो न्हवं!”

मी आबांना कुणावर ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी उभी कापली. माझी गाठ तशीच राहिली, देखणी, आणि जमिनीवर पडली. आतल्या हाताबद्दल मी लिहिणार नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं. “हे काय झालं?” एवढंच म्हणाली.

सांगलीच्या त्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि रागावलेले होते. पण आबांच्या डोळ्यावरचं फडकं आणि माझं तोंड बघून त्यांनी राग गिळला असावा. त्यांनी एक्स-रे उजेडाला लावला.

“ही दोन हाडं,” ते म्हणाले. “बघा नीट. कुठं मोडलंय?”

मी बघितलं. दोन्ही हाडं पांढरी, सरळ, अखंड.

“मोडलेलंच नव्हतं. मुका मार होता. नुसतं मांस ठेचलेलं. हात झोळीत घालून उंच ठेवला असता, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या असत्या, तर तीन-चार आठवड्यांत ही बाई कामाला लागली असती.”

मग त्यांनी स्वतःच्या हाताची बाही सारली आणि मूठ मिटून उघडून दाखवली. कोपराखालचं मांस हलत होतं. बोटं मिटवतं ते हे, ते म्हणाले, बोटांत जोर नसतो, इथून दोऱ्या जातात बोटांपर्यंत आणि हे मांस त्या ओढतं. मांसाला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. आणि ते बसलेलं असतं एका चिवट पिशवीत, उशी अभ्र्यात असते तसं. मार लागला की मांस सुजतं, पण पिशवी ताणत नाही. त्यात बाहेरून तुम्ही आवळलंत. सुजेला जागा उरली नाही, तेव्हा तिनं रक्ताची वाट दाबली. “मांस सहा-आठ तास तग धरतं. त्या वेळात ते ओरडून सांगतं. मग मरतं. मेलं की दुखायचं थांबतं.”

आबा खाली बघत होते.

“बांधलं किती वाजता?” डॉक्टरांनी मला विचारलं.

“अकराला.”

“आणि सैल करा म्हणून ती किती वाजता म्हणाली?”

“चार.”

मग त्यांनी एक्स-रे काढून पाकिटात घातला आणि दिवा बंद केला.

बाहेरच्या बाकावर आबा आणि मी बसलो. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी जायचो न्हवं सांजचं चहाला,” शेवटी ते म्हणाले. “ते बोटं बघायला जायचो. गप्पा मारता मारता नख दाबायचो, बोटं सरळ करून बघायचो. दहातल्या चार जणांचा एक येढा सैल करून यायचो. हाड काय, आठ दिवस थांबतं. मांस थांबत न्हाई.”

“मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही.”

“काय सांगायचं? सकाळी बांधलेलं सांजचं सैल करतो म्हणून? लोक काय म्हणाले असते?” त्यांनी हिरवं फडकं डोळ्यावर दाबलं. “माझ्या बापानंबी मला सांगितलं नव्हतं. मी त्याच्या मागनं जात हुतो म्हणून कळलं. मला वाटलं, तूबी येशील कधीतरी मागनं.”

त्यानंतर आबांनी कुणालाही बांधलं नाही. आलेल्या माणसाला अंगणातूनच सांगलीला धाडायचे. लोक चिडायचे, विनवायचे, म्हातारा माजला म्हणायचे. बांबूच्या कामट्या आईनं पाणी तापवायला जाळल्या. मालनमावशीचं दोनदा ऑपरेशन झालं, हात राहिला. पण चार महिन्यांत आतलं मेलेलं मांस आकसत गेलं, दोऱ्या ओढल्या गेल्या आणि तिची बोटं तळव्यात मिटत गेली. मनगट वाकलं. जन्मभर वाकडा राहील, असं मीच म्हणाले होते, फक्त पट्टी कापली तर, असं म्हणाले होते.

आता मी एका सरकारी दवाखान्याच्या प्लास्टर खोलीत मदतनीस आहे. एकतीस वर्षं झाली. पाणी आणून द्यायचं, पट्ट्या भिजवायच्या, खोली पुसायची. बांधायचं काम डॉक्टर करतात. पण घरी जायच्या आधी मी वॉर्डात एक फेरी मारते आणि ज्याला ज्याला त्या दिवशी प्लास्टर घातलंय त्याचं नख दाबते, बोटं सरळ करून बघते. नवे डॉक्टर हसतात. एक तर मला ‘नखवाल्या मावशी’ म्हणतो. आजपर्यंत पाच वेळा मी धावत जाऊन डॉक्टरांना उठवून आणलंय. पाचही जणांचे हात-पाय शाबूत आहेत. पाच काय आणि पन्नास काय. चार वाजले की कुठं तरी बांगड्या वाजतात. वॉर्डात कुणाच्या हातात बांगड्या नसल्या तरी वाजतात, आणि मग ती म्हणते, एक येढा सैल सोड, एकच.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या लग्नातलं.

त्या बुधवारानंतर दोन वर्षांनी वैशाखात माझं लग्न ठरलं. हिरवा चुडा भरायला आईनं मुद्दाम दूरच्या गावची कासारीण सांगितली होती. आदल्या दिवशी दुपारी मांडवात बायका जमल्या होत्या, मी पाटावर बसले होते, आणि फाटकातून मालनमावशी आत आली. भास्करमामा मागं खोका घेऊन. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच आमच्या अंगणात पाय ठेवत होती.

“हिंगणवाडीच्या पोरींना आम्हीच भरतो,” ती म्हणाली. “दुसरी कोण आणि कशाला?”

दूरची कासारीण मुकाट्यानं बाजूला सरकली. आबा ओसरीवरून उठून आत निघून गेले.

ती माझ्यापुढं बसली. पदराखालून तिनं उजवा हात काढला. कोपराखाली तो वाळक्या काठीसारखा बारीक झाला होता आणि बोटं मिटलेली, चोचीसारखी. तिनं खोक्यातला बांगड्यांचा गठ्ठा डाव्या हातानं सोडवला आणि बघता बघता सगळ्या बांगड्या त्या उजव्या हातात चढवल्या. सरसर गेल्या. माझ्या मापाच्या, लहान बांगड्या त्या.

“ह्या हातात आता कसलीबी बांगडी जाती बघ,” ती म्हणाली. “दाबावंच लागत न्हाई.”

एक-दोन बायका हसल्या, कारण काय करावं ते त्यांना कळेना. ती मात्र विनोदानं बोलली नव्हती, की रागानंही नाही. मालाबद्दल बोलावं तसं बोलली.

मग मी बघितलं की तिनं तेवढ्या हातातूनही काम काढायची तऱ्हा शोधून काढली होती. मनगट खाली वाकवलं की तिची मिटलेली बोटं थोडी उघडायची. त्या फटीत तिनं माझं मनगट घेतलं. मग आपलं मनगट वर उचललं, तशी बोटं परत मिटली आणि माझा हात पकडीत सापडला. पकड गार होती आणि घट्ट होती. डाव्या हातानं तिनं एकेक बांगडी काढून माझ्या बोटांवर चढवायला सुरुवात केली. डाव्या हाताला ती सफाई नव्हती. बांगडी अंगठ्याच्या गोळ्यावर अडायची, तिथं ती दाबायची, पुन्हा दाबायची. पूर्वी तिच्याकडून भरताना कधी कळलं नव्हतं ते दुखणं मला आता हाडापर्यंत कळत होतं.

“सैल सोड,” ती म्हणाली. “हात सैल सोडल्याबिगर बांगडी जात न्हाई.”

मी सोडायचा प्रयत्न केला. हात ऐकत नव्हता. तिसरी बांगडी अडली आणि काच कातडीत रुतली. ती थांबली आणि तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

“दुखलं तर सांग गं,” ती म्हणाली. “मी थांबते.”

हे ती प्रत्येकीलाच म्हणायची, अगदी ह्याच शब्दांत. मी पाळण्यात होते तेव्हापासून ऐकत आले होते. तरी मी इतकी वर्षं त्याच्यावर विचार करतेय.

दुखत होतं. मी मान खाली घातली, न्हाई म्हणाले, आणि तिनं चौथी बांगडी घेतली.